आमचा बाबासाहेबांना विरोध नव्हता

हे वाक्य मी आयुष्यात किती वेळा बोललो असेन याची गणती नाही. सभेत बोललो, एस.टी. स्टँडवर बोललो, लग्नाच्या पंगतीत शेजारच्या पाहुण्याला ऐकवलं आणि पुढे मास्तर झाल्यावर शिक्षकांच्या खोलीत चहा पिता पिता तर कितीदा. ‘आमचा बाबासाहेबांना विरोध नव्हता. मराठवाडा हे नाव पुसण्याला विरोध होता.’ समोरचा मान डोलवायचा आणि विषय संपायचा. पस्तीस वर्षं मी हे वाक्य खरं मानून बोललो. आपण खोटं बोलतोय असं मला कधीच वाटलं नाही, आणि माझी अडचण नेमकी तीच आहे.

२७ जुलै १९७८ रोजी विधिमंडळाच्या दोन्ही सभागृहांनी मराठवाडा विद्यापीठाला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचं नाव देण्याचा ठराव केला, तेव्हा मी एकोणीस वर्षांचा होतो आणि त्याच विद्यापीठात शिकत होतो. मी नामांतराच्या विरोधात होतो. नुसता मनातून नव्हे. भिंतींवर घोषणा मी रंगवल्या, मोर्चात पुढे चाललो, परभणीच्या रस्त्यावर एस.टी. अडवणाऱ्या घोळक्यात मी होतो. त्या गाडीच्या काचेवर पहिला दगड माझा नव्हता. तिसरा किंवा चौथा माझा होता.

हे माझ्यात कुठून आलं ते सांगायचं तर पुण्यापासून सांगावं लागेल.

१९७६ साली मी पुण्याला कॉलेजात गेलो. आमच्या गावातून पुण्याला शिकायला गेलेला मी पहिलाच. पहिल्याच आठवड्यात प्रयोगशाळेत सरांनी एकेकाला गाव विचारलं. मी ‘परभणी’ म्हणालो. सर हसून म्हणाले, ‘म्हणजे मोगलाईतला!’ आणि सगळा वर्ग हसला. निजामाच्या मुलखाला पश्चिम महाराष्ट्रातली जुनी माणसं मोगलाई म्हणायची, हे मला तेव्हा माहीत नव्हतं. मला एवढंच कळलं की मी कुणा दुसऱ्याच्या राज्यातून आलोय आणि इथे पाहुणासुद्धा नाही. आमचे अण्णा हैदराबादच्या लढ्यात उमरखेडच्या कँपवर होते, सरहद्दीवरचे करोडगिरीचे नाके जाळायला रात्रीचे जात होते. त्या माणसाचा मुलगा मोगलाईतला ठरला होता.

पुढे सवय झाली असं म्हणवत नाही. मी ‘येऊ लालोय’ म्हणालो की खोलीतली मुलं ते वाक्य आठवडाभर घोळवायची. मेसमध्ये ‘भाकर’ मागितली की कुणीतरी ‘भाकरी रे, भाकरी’ म्हणायचं. ‘तुमच्याकडे आंघोळीला पाणी असतं का?’ हा प्रश्न मला इतक्या जणांनी विचारला की पुढे पुढे मी प्रश्न यायच्या आधीच मान खाली घालायला लागलो. बहात्तरच्या दुष्काळात आमच्याकडची माणसं पोटासाठी त्या बाजूला आली होती, तेवढीच आमची ओळख त्यांना पुरली होती. मराठवाडा म्हणजे दुष्काळ, आळस आणि निजाम. एका तोंडी परीक्षेत मला उत्तर पक्कं माहीत होतं. पण वाक्य कसं बाहेर पडेल या धास्तीने मी गप्प उभा राहिलो. सरांनी वहीत काहीतरी लिहिलं आणि ‘जा’ म्हणाले. तो ‘जा’ मला अजून ऐकू येतो.

दीड वर्षात मी पुणं सोडलं आणि औरंगाबादला प्रवेश घेतला. खिडकीवरच्या कारकुनाने माझे कागद बघत विचारलं, ‘कुठून येऊ लालास?’ माझ्या डोळ्यांत पाणी आलं. बाहेर येऊन मी विद्यापीठाच्या गेटपाशी किती वेळ उभा होतो. ‘मराठवाडा’ हा शब्द एवढ्या मोठ्या अक्षरात, मान वर करून वाचावा असा, मी पहिल्यांदा बघत होतो.

म्हणून सांगतो, ते नाव माझ्या लेखी नुसतं नाव नव्हतं. निजामाच्या काळात वरचं शिक्षण उर्दूत होतं. अण्णांना शेताचे कागद उर्दूत वाचता यायचे आणि मुलाच्या शाळेचा अर्ज मराठीत लिहिताना हात अडखळायचा. १७ सप्टेंबर १९४८ ला आम्ही मोकळे झालो, म्हणजे देशानंतर तेरा महिन्यांनी. महाराष्ट्रात आलो तेही कसली अट न घालता. त्यानंतर कारखाने दुसरीकडे, धरणांचं पाणी दुसरीकडे, मनमाडच्या पुढे रेल्वेची अरुंद लाईन. नोकऱ्या मागणाऱ्या पोरांवर १९७४ साली वसमतला गोळीबार झाला, त्यात विद्यार्थी गेले. वसमत तेव्हा आमच्याच जिल्ह्यातलं. अशा मुलखाला १९५८ साली स्वतःच्या नावाचं विद्यापीठ मिळालं होतं, आणि वीस वर्षांत मुंबईत बसलेली मंडळी ते नाव काढून घ्यायला निघाली होती. हैदराबाद मुक्तिसंग्रामातली, आम्ही ज्यांना देव मानायचो अशी मोठी माणसं नामांतराच्या विरोधात होती. आमच्या रागाला त्यांचा आशीर्वाद आहे असं आम्हाला वाटलं.

हा सगळा राग खोटा नव्हता. आजही नाही. वि. म. दांडेकर समितीने १९८४ साली प्रादेशिक अनुशेष मोजून दाखवला, तेव्हा आमच्या तक्रारीला सरकारी कागदाचा आधार मिळाला. त्या बाबतीत माझं मत तसूभर बदललेलं नाही. बदललंय ते पुढच्या गोष्टीबद्दल.

ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात कॉलेजं बंद होती आणि मी गावी आलो होतो. पूर्णेच्या काठचं आमचं गाव, दीडशे-पावणेदोनशे उंबऱ्यांचं. गावाच्या पूर्वेला बौद्धवाडा. आमच्या घरात तेव्हाही त्याचं जुनंच नाव चालायचं. मारुतीच्या पारावर बैठक झाली आणि ठरलं की त्यांना शेतात काम नाही, दुकानात माल नाही, गिरणीत दळण नाही. आसपासच्या गावांतून येत असलेल्या बातम्यांच्या मानाने हे सौम्यच आहे, असं त्या बैठकीत एक जण म्हणाल्याचं मला आठवतं. त्याच दिवसांत नांदेड जिल्ह्यातल्या टेंभुर्णीत पोचिराम कांबळे यांची हत्या झाली. घरं जळत होती, माणसं लेकरं घेऊन गावं सोडत होती. आमच्या गावात कुणाच्या अंगाला हात लागला नाही, याचा मी पुढे कित्येक वर्षं अभिमान सांगत आलो.

गिरणी आमची होती. मोठ्या चुलत्यांची. त्यांना आम्ही सगळे दादा म्हणायचो. डिझेल इंजिनवरची गिरणी, सकाळी तिचा आवाज सुरू झाला की नदीपलीकडे ऐकू जायचा. त्या सकाळी मी आत पोत्यांवर बसलो होतो. रात्री भिंती रंगवल्या होत्या, बोटांना गेरू तसाच होता. बौद्धवाड्यातल्या पाच-सहा बाया डोक्यावर ज्वारीच्या टोपल्या घेऊन आल्या. बैठकीचं त्यांच्या कानावर गेलं असेल किंवा नसेल. दादांनी त्यांच्याकडे बघितलंसुद्धा नाही. कोपऱ्यातला दांडका घेतला आणि चाकावरचा पट्टा एका बाजूला ढकलला. पट्टा खाली पडला. जातं दोन-चार फेरे सुस्तावत फिरलं आणि थांबलं. इंजिन मात्र चालूच होतं. दादा म्हणाले, ‘बिघाड हाय.’

कुणी हललं नाही. मग त्यातली एक जण म्हणाली, ‘दादा, पट्टा नुसता उतरलाय की.’

तिच्या बोलण्यात भांडण नव्हतं. एखाद्याच्या लक्षात आलं नसेल म्हणून दाखवून द्यावं, तसं ती बोलली. ती माझ्या मित्राची आई होती. शाळेत पाचवीपासून मॅट्रिकपर्यंत तो आणि मी एका वर्गात होतो, पहिला नंबर त्याचा असायचा. इंग्रजी मी त्याच्याकडून शिकलो, त्यांच्या ओट्यावर कंदिलाच्या उजेडात. उशीर झाला की हीच बाई मला वेशीपर्यंत सोडायला त्याला पाठवायची. तिने माझ्याकडे बघितलं. मी माझ्या बोटांकडे बघितलं.

बाया गेल्या. दादांनी पट्टा परत चढवला.

मी त्या दिवशी काही बोललो नाही, आणि पुढे ही गोष्ट कुणाला सांगितलीही नाही. मनातल्या मनात मात्र मी तिचा एक खुलासा तयार ठेवला होता. गाव चिघळलंय, वातावरण तापलंय, दादांचा नाइलाज होता, आणि मूळ प्रश्न जातीचा नसून अस्मितेचा आहे. विद्यापीठाच्या नावासाठी गिरणीचा पट्टा का उतरावा लागतो, हा साधा प्रश्न मला पडायला हवा होता. कागदावरच्या नावाबद्दल भांडण असेल तर ते मुंबईच्या सरकारशी होतं. त्या बायांनी कुठला ठराव केला होता? त्यांच्यातल्या कुणी विद्यापीठ डोळ्यांनी पाहिलंही नसेल.

महिनाभरात मित्राचं घर बंद झालं. ते औरंगाबादला गेले असं कुणीतरी सांगितलं.

त्याच्याबद्दल एक गोष्ट राहिली. पुणं सोडून आल्यावर, १९७७ च्या अखेरीस, मी त्याला सगळं सांगितलं होतं. मोगलाई, येऊ लालोय, भाकर, तोंडी परीक्षा. माझ्या आयुष्यात तोवर हे पूर्ण ऐकून घेतलेला तो एकटाच माणूस. सगळं ऐकून तो म्हणाला, ‘आमाला तर गावातच पुणं हाय रे.’ मी हसलो. त्याने गंमत केली असं मला वाटलं. सात-आठ महिन्यांनी मी पोत्यांवर बसून बोटांकडे बघत होतो, तेव्हा ते वाक्य मला आठवायला हवं होतं. आठवलं नाही.

नंतरची वर्षं सांगण्यासारखी थोडी आहेत. १९७९ च्या नोव्हेंबरात प्रा. जोगेंद्र कवाडे नागपूरच्या दीक्षाभूमीवरून लाँग मार्च घेऊन निघाले, त्याच्या बातम्या मी रागाने वाचल्या. नोकरी लागली, जिल्हा परिषदेच्या शाळेत. बाहेरगावी गेलं की आता नवी ओळख मिळायला लागली होती. आधी आम्ही आळशी आणि दुष्काळी होतो, आता ‘तुमच्याकडे माणसं जाळतात ना?’ असं विचारलं जाऊ लागलं. एका प्रशिक्षणात मुंबईच्या एका शिक्षकाने हे जेवताना विचारलं आणि मी ताट सोडून उठलो. अख्ख्या मुलखावर शिक्का मारणारे हे कोण? यांच्या शहरांत जात नाही का? हा माझा सवाल बरोबरच होता. शिवाय त्या शिक्क्याखाली मराठवाड्यातली ती माणसंही झाकली जात होती, जी नामांतराच्या बाजूने उभी राहिली होती. त्यात समाजवादी होते, युवक क्रांती दलाची पोरं होती, सवर्ण घरांतली होती, त्यांनी घरच्यांचा रोष पत्करला, तुरुंग पाहिला. पण मी त्यांची बाजू घेऊन उठलो नव्हतो. मी तर त्यांना फितूर म्हणत होतो. मी उठलो होतो तो माझ्या मुलखाचं नाव घेऊन स्वतःला वाचवायला. ‘आमच्यावर शिक्का मारता’ ही खरी तक्रार हाताशी होती आणि तिच्या आड गिरणी दिसत नव्हती.

१४ जानेवारी १९९४ ला नामविस्तार झाला. डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठ. त्याआधी काही आठवडे नांदेडला गौतम वाघमारे यांनी नामांतरासाठी स्वतःला जाळून घेतलं होतं. खरं तर मी समाधानी व्हायला हवं होतं. मराठवाडा हा शब्द राहिला होता, आणि त्या शब्दासाठीच तर माझा सगळा लढा होता. पण मला आठवतं, ती संक्रांत मला कडू गेली. दुसऱ्या दिवशी शाळेत एका सहकाऱ्याने तिळगुळाबरोबर पेढे आणले. तो बौद्ध होता, माझ्याहून वयाने लहान, मला ‘सर’ म्हणायचा. मी पेढा घेतला, ‘नंतर खातो’ म्हणालो आणि टेबलाच्या खणात ठेवला. चार दिवसांनी खण उघडला तर मुंग्या लागल्या होत्या. शिपायाला सांगून खण पुसून घेतला. त्या सहकाऱ्याने हे पाहिलं की नाही, मला माहीत नाही. त्याने पुढे कधी पेढे आणले नाहीत.

आता २०१३ ची गोष्ट.

परभणीला १९७२ पासून मराठवाडा कृषी विद्यापीठ आहे. आमच्या जिल्ह्याचा तो मान. मी मुख्याध्यापक झालो होतो, कसल्याशा कामासाठी परभणीला गेलो होतो. माजी मुख्यमंत्री वसंतराव नाईक यांचं ते जन्मशताब्दीचं वर्ष, आणि कृषी विद्यापीठाला त्यांचं नाव जोडलं गेलं होतं. वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठ. रिक्षातून त्या बाजूने जाताना बरोबरचे शिक्षक म्हणाले, ‘सर, नाव बदललं.’ मी म्हणालो, ‘चांगलं झालं. शेतीसाठी खूप केलं त्यांनी.’ आणि आम्ही दुसऱ्या विषयावर गेलो.

रात्री घरी आल्यावर हे मला खटकायला लागलं. काय खटकतंय तेच आधी कळेना. मग कळलं. मला राग आला नव्हता. मी आत शोधत राहिलो, कुठे थोडी तरी जळजळ आहे का. काही नव्हतं. नावाचा विस्तार तसाच होता, १९९४ सारखा. आधी थोर माणसाचं नाव, मग मराठवाडा. एक शब्द इकडचा तिकडे नाही. आणि नाईकसाहेब तर विदर्भातले, पुसदकडचे. ‘बाबासाहेबांचा मराठवाड्याशी संबंध काय?’ हा आमचा १९७८ चा हुकमी प्रश्न होता, मी तो भिंतीवर गेरूने लिहिला होता. नाईकांच्या बाबतीत तो कुणी विचारला नाही. मोर्चा नाही, बंद नाही, कुठल्या गावात कुणाचं दळण थांबलं नाही. नांदेडला १९९४ सालीच वेगळं विद्यापीठ झालं, त्याला स्वामी रामानंद तीर्थांचं नाव दिलं, तेही मराठवाडा हा शब्द ठेवून. तेव्हा तर मी आनंदाने टाळी वाजवली होती. मराठवाडा या शब्दाच्या अलीकडे कुणाचंही नाव आलेलं मला चालत होतं. एकाच माणसाचं आलं तेव्हा पेढा खणात गेला होता.

मी हे एका जुन्या सोबत्याला बोलून दाखवलं. तो म्हणाला, नाईकही भटक्या समाजातले होते, मग यात जात कुठे आली? त्याचा मुद्दा मी झटकून टाकला नाही, बरेच दिवस मनात घोळवला. पण गावात राहिलेल्या माणसाला याचं उत्तर माहीत असतं. तांडा गावापासून लांब होता, त्याचं जगणं वेगळं होतं. बौद्धवाडा आमच्या दाराशी होता. काल-परवापर्यंत बलुत्यासाठी खळ्यावर उभी राहणारी, मेलेलं ढोर ओढणारी माणसं ती कामं सोडून देत होती, पोरांना शिकवत होती, पहिला नंबर काढत होती. तो नंबर मला टोचत होता, हे लिहायला मला इतकी वर्षं लागली. ठरावाने त्यांच्या माणसाचं नाव आमच्या पदवीच्या कागदावर येणार होतं. माझ्या नावाच्या वर.

पदवीच्या कागदावरून काका आठवले.

आमच्या घरातले पहिले पदवीधर म्हणजे धाकटे काका. त्यांच्या पदवीची चौकट आमच्या माजघरात टांगलेली होती, आम्ही लेकरं तिच्याखाली वाढलो. १९७८ च्या त्या दिवसांत मोर्च्याची पत्रकं मी त्याच चौकटीखाली बसून लिहिली. काका बी.ए. झाले ते औरंगाबादला, बाबासाहेबांच्या कॉलेजात. पीपल्स एज्युकेशन सोसायटीने १९५० साली ते सुरू केलं, पुढे त्याला मिलिंद महाविद्यालय हे नाव मिळालं. तोवर आमच्या पाच जिल्ह्यांतल्या पोराला पदवीपर्यंत शिकायचं तर हैदराबाद गाठावं लागे. आमच्या घराची तेवढी ऐपत नव्हती. म्हणजे मराठवाड्याला कुणी विचारत नव्हतं तेव्हा बाबासाहेब इथे आले, जागा मिळवली, स्वतः उभे राहून इमारती बांधून घेतल्या, झाडं लावून घेतली आणि दार सगळ्यांना उघडं ठेवलं. १ सप्टेंबर १९५१ ला राष्ट्रपती राजेंद्रप्रसादांच्या हातून कोनशिला बसली. काकांनी बाबासाहेबांना दोनदा लांबून पाहिलं होतं, काठी टेकत बांधकाम बघताना. ते हे क्वचित सांगायचे आणि सांगताना आवाज खाली यायचा.

नामांतराच्या धामधुमीत काका गावी आले होते. मला एकट्याला गाठून म्हणाले, ‘मी त्यांच्या कॉलेजात शिकलो रे.’ मी त्यांना म्हणालो, ‘कॉलेज वेगळं, विद्यापीठ वेगळं.’ काका पुढे काही बोलले नाहीत. २००९ साली ते गेले.

२०१३ च्या त्या दिवाळीत गावी गेलो तेव्हा चौकट खाली उतरवून पुसली आणि पहिल्यांदा नीट वाचली. वर नाव होतं उस्मानिया विद्यापीठाचं. १९५८ च्या आधी आमच्याकडची कॉलेजं उस्मानियाला जोडलेली होती, हे मला माहीत होतं, पण ते असं कधी समोर आलं नव्हतं. उस्मानिया म्हणजे निजाम मीर उस्मान अली खान. ज्याच्याशी अण्णा लढले, त्याचं नाव आम्ही पन्नासावर वर्षं काच लावून माजघरात टांगलं होतं, सणाला त्या चौकटीला हार घालत होतो. आमच्या मोर्च्याच्या पत्रकावर खाली जिल्ह्यांची नावं होती, मीच लिहिलेली. औरंगाबाद, उस्मानाबाद. एक औरंगजेबाचं, एक त्याच निजामाचं. छत्रपती संभाजीनगर आणि धाराशिव व्हायला २०२३ उजाडलं. १९७८ साली त्या दोन नावांखाली मराठवाड्याची अस्मिता लिहिताना माझा हात कुठेही थबकला नव्हता. ज्यांनी राज्य केलं त्यांची नावं आम्हाला पचली होती. ज्याने आमच्या काकांना शिकवलं त्याचं नाव गळ्याखाली उतरेना.

मत एका रात्रीत बदललं असं नाही. पण त्या दिवाळीनंतर ते पहिलं वाक्य मला तोंडातून काढता येईना. आजही मला वाटतं की मराठवाडा हा शब्द विद्यापीठाच्या नावात राहिला हे चांगलं झालं. दोन्ही शब्द एकत्र वाचताना मला बरं वाटतं. १९७८ साली मी एवढंच म्हणालो असतो, की हेही ठेवा आणि तेही द्या, तर त्याला अस्मिता म्हणता आलं असतं. मी तसं म्हणालो नव्हतो. ‘नाव बदलाल तर याद राखा’ असं लिहिलं होतं, आणि ते लिहिलं होतं बौद्धवाड्याकडे जाणाऱ्या रस्त्यावरच्या भिंतीवर, मुंबईचा एकही मंत्री जिथून कधी जाणार नव्हता.

पुढच्या संक्रांतीला, १४ जानेवारी २०१४ ला, मी विद्यापीठाच्या गेटवर गेलो. दरवर्षी तिथे माणसं येतात, गेटला नमस्कार करतात, पुस्तकांच्या दुकानांपाशी दाटी असते. एक म्हातारा गेटच्या खांबाला कपाळ टेकवून उभा होता आणि त्याची नात मोबाइलवर फोटो काढत होती. छत्तीस वर्षांपूर्वी मी ज्या गेटसमोर डोळे पुसत उभा राहिलो होतो, तेच हे गेट. त्या दिवशी मला वाटलं होतं की हे गेट फक्त मला कळलंय.

मित्राचा पत्ता तिथेच एका ओळखीच्याकडून मिळाला. तो बँकेतून निवृत्त व्हायच्या बेतात होता. फोनवर आधी ओळखीचं बोलला, मग गप्प झाला, मग म्हणाला, ‘ये.’ मी गेलो. बोलायचं ते बोललो, जसं जमलं तसं. त्याने अडवलं नाही आणि ‘जाऊ दे’ असंही म्हणाला नाही. बऱ्याच वेळाने त्याने सांगितलं की गिरणी बंद झाल्यावर आई रात्री दोन कोसांवरच्या गावी दळण न्यायची. दिवसा रस्त्यावर पोरं उभी असायची म्हणून रात्री. उजाडायच्या आत पीठ घेऊन परत. ‘सव्वीस दिवस,’ तो म्हणाला. चुलीमागच्या भिंतीवर ती रोज चुन्याचं एक बोट ओढायची. सव्वीस बोटं झाली तेव्हा त्यांनी गाव सोडलं. माझ्या आठवणीत ते चार-दोन दिवस होते.

आई घरातच होती. पंच्याहत्तरीच्या पुढे गेलेली, डोळ्यांना कमी दिसत होतं. सुनेने चहा आणला. मित्राने तिला जवळ जाऊन मोठ्याने सांगितलं, ‘आई, आपल्या गावचे आलेत.’ तिने कपाळाला हात लावून माझ्या तोंडाकडे बघितलं आणि गावाकडे विचारतात तसं विचारलं, ‘कोणाचा रे तू?’

मी अण्णांचं नाव सांगितलं. तिला लागेना. मी परत सांगितलं.

ती म्हणाली, ‘गिरणीवाल्याच्या घरातला का?’

मी ‘हो’ म्हणालो.